रोमन काळातील वीतभर उंचीच्या कांस्य देवमूर्ती कशासाठी घडवीत असत?

यांपैकी पुष्कळशा मूर्ती मंदिरातल्या नसून घरातल्या होत्या. रोमन घरात ‘लारारियम’ नावाचे देवघर असे, कधी भिंतीतला साधा कोनाडा, तर कधी छोट्या देवळाच्या आकाराची मांडणी. त्यात कुटुंबरक्षक ‘लारेस’ यांच्याबरोबर मर्क्युरी, फॉर्च्युना, मिनर्व्हा अशा आवडीच्या देवतांच्या मूर्ती ठेवून धूप, मद्य आणि फुलांच्या माळा अर्पण करीत. लार (‘लारेस’चे एकवचन) ओळखणे सोपे आहे: आखूड अंगरख्याचा घोळ नाचताना फुलावा तसा फुललेला, एका हातात उंच धरलेले शिंगाच्या आकाराचे मद्यपात्र आणि पुष्कळदा दुसऱ्या हातात अर्घ्याची उथळ तबकडी. घडवण्याची रीत म्हणजे आपल्याकडचे मधूच्छिष्ट विधानच, अर्थात मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचा साचा चढवून, मेण वितळवून त्या जागी धातूचा रस ओतणे. लहान मूर्ती बहुधा भरीव असत आणि काहींच्या डोळ्यांत चांदी बसवलेली आढळते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरातील घरांत अशा मूर्ती सापडल्यामुळे त्यांचा वापर निश्चित सांगता येतो.

मात्र प्रत्येक मूर्ती पूजेचीच होती, असे मानणे घाईचे ठरेल. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर भूमध्यसागरी बनावटीच्या कांस्य भांड्यांसोबत सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती सातवाहनकालीन व्यापाराबरोबर आली असावी, आणि घेणाऱ्याने तिच्याकडे देव म्हणून न पाहता परदेशी शोभेची वस्तू म्हणूनच पाहिले असावे, असे मला वाटते. ही मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात आहे.