सेरेब्रल पाल्सी असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाने वजने उचलावीत का?

आपल्या भाच्याचे दोन्ही पाय सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेमुळे, ताठर आहेत, तो आधाराविना चालतो, पण वर्षभरात उंची वाढल्यापासून गुडघ्यांत अधिक वाकू लागला आहे, आणि वजने उचलल्याने ताठरपणा वाढेल या भीतीने घरचे त्याला व्यायामशाळेत पाठवायला तयार नाहीत, असे आपण लिहिले आहे. मी बडोद्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ही भीती मला घरोघरी भेटते. तिला अडाणीपणा म्हणता येणार नाही, कारण एके काळी आमच्याच व्यवसायात तसे शिकवले जात असे. पुढच्या अभ्यासांत मात्र बेताने केलेल्या बलवर्धक व्यायामाने ताठरपणा वाढल्याचे दिसले नाही. जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव या व्यायामगुरूंच्या गावात एखाद्या मुलाला व्यायामापासून जपावे लागावे, याचे मला नेहमी नवल वाटते.

मेंदूला झालेली इजा वाढत नसते. या वयात हाडे झपाट्याने वाढतात, स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत आणि शरीराचे वजनही वाढते, म्हणून गुडघे अधिक वाकू लागतात. शिवाय ताठर स्नायू बहुधा दुबळाही असतो, त्यामुळे नुसते ताण देऊन भागत नाही. खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे आणि पायरी चढणे यांपासून सुरुवात करून, आठ ते बारा वेळा करताना शेवटचे दोन जड जातील इतके वजन हळूहळू वाढवावे. हे आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, किमान बारा आठवडे चालावे. बळ वाढेल, परंतु चाल त्याच प्रमाणात सुधारेल असे वचन मी देणार नाही. दमसास वाढवण्यासाठी पोहणे किंवा कमाटीबागेत तीनचाकी सायकल चालवणे उत्तम. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये अपंग मुलांसाठीही दिवसाला सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल सुचवली आहे. आपण दहा मिनिटांपासून आरंभ करावा.

त्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडून खुब्यांची तपासणी करून घ्यावी. हे उत्तर सेरेब्रल पाल्सीपुरतेच आहे. ड्युशेनसारख्या स्नायुक्षयात स्नायूच झिजत असल्याने जड वजने टाळावी लागतात.

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर चालेल. सांधा दुखला, किंवा दोन दिवसांनंतरही चाल बिघडलेली राहिली, तर वजन निम्मे करावे.