खत नियंत्रण आदेश संसदेने मंजूर केला आहे का?

प्रश्न : खतविक्रीच्या परवान्याची कागदपत्रे वाचताना 'खत (नियंत्रण) आदेश, १९८५' हा उल्लेख पानोपानी दिसतो. हा कायदा संसदेने मंजूर केला आहे का? नसल्यास त्याची छाननी कोण करते?

उत्तर : संसदेने हा आदेश मंजूर केलेला नाही, तरीही तो कायद्याइतकाच बंधनकारक आहे. संसदेने मंजूर केला तो जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५. त्याच्या कलम ३ ने अशा वस्तूंचे उत्पादन, पुरवठा व वाटप यांचे नियमन करण्याचे अधिकार केंद्र सरकारला दिले आणि त्या अधिकारात हा आदेश निघाला. राजपत्रातील अशा नियमांच्या वा आदेशांच्या आरंभी 'अमुक कलमाने प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून' अशी ओळ असते. वाचक ती सहसा ओलांडून पुढे जातात. छाननी मात्र तिथूनच सुरू होते, कारण मूळ अधिनियमाने न दिलेला अधिकार नियमाने घेतला, तर तेवढा भाग अधिकारबाह्य ठरतो.

अधिनियमाने दिलेल्या अधिकारात सरकार जे नियम व आदेश काढते, त्यांना अधीनस्थ विधान म्हणतात. लोकसभेची अधीनस्थ विधान समिती १९५३ पासून त्यांच्या छाननीचे काम करते. मंत्र्यांना तिचे सदस्य होता येत नाही. नियम अधिनियमाच्या उद्देशाशी जुळतो का, त्याने कर लादला आहे का, अधिनियमात स्पष्ट मुभा नसताना तो मागील तारखेपासून लागू केला आहे का, न्यायालयाची वाट अडवली आहे का, हे ती पाहते. शब्दरचनेकडेही तिचे लक्ष असते. समजा, 'अधिकाऱ्यास योग्य वाटेल त्या मुदतीत परवाना देण्यात येईल' असे एखाद्या नियमात लिहिले, तर किती दिवस थांबायचे आणि नकाराचे कारण मिळणार की नाही, हे अर्जदाराला कळत नाही. तिथे दिवसांचा आकडा आणि 'कारणे लेखी नोंदवून' हे शब्द आले, तर त्याचा किती त्रास वाचतो, हे कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको.

बियाणे अधिनियम, १९६६ आणि कीटकनाशक अधिनियम, १९६८ यांखालील केंद्राचे नियम दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात आणि दोन्ही सभागृहांचे एकमत झाल्यास ते बदलता किंवा रद्दही करता येतात. कीटकनाशकांच्या नियमांचा तर मसुदाही आधी प्रसिद्ध करावा लागतो. जीवनावश्यक वस्तू अधिनियमात मात्र केंद्राचा आदेश शक्य तितक्या लवकर सभागृहांपुढे ठेवावा, एवढेच म्हटले आहे. ॲटलस सायकल विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लोखंड व पोलादाविषयीच्या आदेशासंदर्भात ही तरतूद निदेशात्मक ठरवली. म्हणजे आदेश सभागृहांपुढे ठेवला नाही, तरी तेवढ्यावरून तो बाद होत नाही. शेतकऱ्याचा दर हंगामात संबंध येतो तो आदेशच इतक्या सैल तरतुदीखाली असावा, हे आम्हाला खटकते.

समितीचा अहवाल ही शिफारस असते. नियम रद्द करण्याचा अधिकार तिला नाही. एखादा खंड अधिकारबाह्य वाटत असेल आणि त्याची झळ तुम्हाला बसत असेल, तर संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. वकिलांकडे जाताना मूळ अधिसूचनेबरोबर नंतरच्या दुरुस्त्यांच्या प्रतीही न्याव्यात. जुन्या छापील पुस्तिकेवर विसंबू नये.