हिमॅटोपॅथॉलॉजीच्या ‘फक्त एका वर्षा’साठी अमेरिकेला यावे का?

तुम्ही विचारले आहे की नागपूरला एम.डी. होऊन चार वर्षे सहायक प्राध्यापक म्हणून काम केल्यावर आता अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या रुग्णालयात हिमॅटोपॅथॉलॉजीची (रक्त आणि अस्थिमज्जेच्या रोगांचे निदान करणाऱ्या उपशाखेची) फेलोशिप करावी असे मनात आहे, मुलगा सहा वर्षांचा आहे, आणि ‘फक्त एका वर्षाचा प्रश्न’ असल्यामुळे सर्वांनीच यावे की तुम्ही एकट्याने, हे ठरत नाही. परीक्षा, शुल्क आणि अर्जाच्या तारखा अधिकृत पत्रकांत मिळतील, म्हणून त्या येथे लिहीत नाही. उत्तर लिहायला बसले ते तुमच्या त्या चार शब्दांमुळे, कारण २०१७ च्या जूनमध्ये घरातून निघताना मीही आईला असेच काहीतरी सांगितले होते, आणि आज मला येथे नववे वर्ष चालू आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा : शिकून परतायचे आहे, की येथे व्यवसाय करायचा आहे? परतायचे असेल तर काही विभाग परदेशात एम.डी. झालेल्यांना रेसिडेन्सीशिवायही (येथील पदव्युत्तर प्रशिक्षणाशिवायही) फेलो म्हणून घेतात आणि ते वर्ष तुमच्या विभागाला फार उपयोगी पडेल. राहायचे असेल तर मात्र ऊती तपासणारी (अॅनाटॉमिक) आणि रक्तासारखे नमुने तपासणारी (क्लिनिकल) अशा पॅथॉलॉजीच्या दोन्ही शाखांची चार वर्षांची रेसिडेन्सी पुन्हा पहिल्या पायरीपासून करावी लागते, कारण पॅथॉलॉजीच्या मूळ बोर्ड परीक्षेशिवाय हिमॅटोपॅथॉलॉजीचे प्रमाणपत्र मिळत नाही. मी हे ठरवलेच नाही. रेसिडेन्सीनंतर एक वर्ष सर्जिकल पॅथॉलॉजी (शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींची तपासणी), मग दुसऱ्या शहरात एक वर्ष हिमॅटोपॅथॉलॉजी, असे पुढचे पाऊल तेवढे टाकत गेले.

शिक्षणाबद्दल मात्र माझ्या मनात किंतु नाही. आपल्याकडे स्लाइड एका टेबलावर, फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींवरील खुणा मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेत, आणि गुणसूत्रांची तपासणी रुग्णाला परवडली तर, अशी स्थिती मी अनुभवली होती. येथे सकाळी अस्थिमज्जेचे नमुने येत, दुपारपर्यंत मी ते एकटीने पाहून माझे निदान लिहून ठेवीत असे, आणि मग एकाच वेळी अनेकांना पाहता येणाऱ्या मायक्रोस्कोपपाशी बसून वरिष्ठ त्यातील प्रत्येक शब्दाचे कारण विचारीत. मी हिमॅटोपॅथॉलॉजीत रुजू झाले त्या २०२२ सालीच रक्ताच्या कर्करोगांची दोन वेगळी वर्गीकरणे आली. विशिष्ट जनुकीय बदल नसलेल्या आणि अस्थिमज्जेत १२ टक्के ब्लास्ट (अपरिपक्व रक्तपेशी) असलेल्या रुग्णाला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे एमडीएस (मज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याचा रोग) म्हणायचे, तर आंतरराष्ट्रीय एकमत वर्गीकरणाप्रमाणे एमडीएस/एएमएल (एमडीएस आणि तीव्र रक्तकर्करोग यांच्या मधला गट), आणि अहवालात दोन्ही नावे लिहून उपचार करणाऱ्या डॉक्टरला त्यातील फरक दूरध्वनीवर समजावून सांगायचा, हे काम फेलोचे असे. तुम्ही बहुधा बी-१२ च्या अभावाने होणाऱ्या आणि मज्जेत एमडीएससारख्या दिसू शकणाऱ्या मेगालोब्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या जितक्या मज्जा पाहिल्या असतील, तितक्या येथे अनेकांनी पाहिलेल्या नसतात. एमडीएस म्हणण्यापूर्वी बी-१२ पाहिले का, हे विचारण्याचा संकोच करू नका. मी सुरुवातीचे दोन महिने तो केला.

कागदपत्रांनी मात्र मला थकवले. परदेशी डॉक्टर प्रशिक्षणासाठी ज्यावर येतात त्या जे-१ व्हिसावर उपशाखा बदलली की आपल्या आरोग्य मंत्रालयाचे नवे पत्र लागते, आणि त्यात उपशाखेचे नाव अचूक असावे लागते. मी जेथे रुजू होणार होते तेथील कार्यालयाने नेमणूकपत्रात ‘हिमॅटोपॅथॉलॉजी’ऐवजी ‘हिमॅटॉलॉजी’ लिहिले, त्यावरून सारे कागद परत आले आणि सहा आठवडे गेले. फेलोशिप १ जुलैला सुरू व्हायची होती, दुरुस्त पत्र २४ जूनला हातात पडले, आणि तोवर नव्या शहरात घर घेता आले नव्हते. पतीच्या कामाची परवानगीही माझ्या कागदांना बांधलेली होती. ती दरवर्षी नव्याने मागावी लागे, आणि ती येईपर्यंत दोनदा त्यांना घरी बसावे लागले. ते कधी काही बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

आता मुलीविषयी. आम्ही आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. शाळेच्या प्रवेश अर्जासोबत घरात कोणती भाषा बोलता, मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकले, असे विचारणारा एक कागद असतो. मी सरळपणे ‘मराठी’ लिहिले. त्यावरून तिची इंग्रजीची चाचणी झाली, आणि बालवाडीपासून इंग्रजी बोलणाऱ्या त्या मुलीला इंग्रजी शिकवण्यासाठी रोज अर्धा तास वर्गाबाहेर नेऊ लागले, तेही गोष्टी वाचण्याच्या वेळी. पालकांना त्याला नकार देता येतो, हे मला दोन वर्षांनी कळले. २०२१ मध्ये दुसऱ्या शहरात तोच कागद समोर आला, तेव्हा मी प्रत्येक रकान्यात ‘इंग्रजी’ लिहिले. ती नऊ वर्षांची होती आणि शेजारी उभी राहून वाचत होती. “आई, पण आपण तर मराठी बोलतो ना?” असे तिने विचारले. नमुन्यासोबतच्या अर्जात एक शब्द चुकीचा असला तरी तो परत पाठवणारी मी, तिला म्हणाले की शाळेला एवढे सांगण्याची गरज नाही. त्यानंतर शाळेच्या दारात ती माझ्याशी मराठीत बोलली नाही. पुढे आणखी दोन शाळा झाल्या, कारण फेलोशिपचे वर्ष संपले की शहर बदलते, आणि जे-१ व्हिसाच्या, प्रशिक्षणानंतर दोन वर्षे भारतात परतण्याच्या अटीतून सूट हवी असेल तर जेथे डॉक्टर कमी आहेत तेथे तीन वर्षे काम करावे लागते. राज्याला वर्षाला अशा ३० जागा असतात, आणि अनेक राज्ये त्या आधी प्राथमिक उपचार करणाऱ्यांना देतात. आम्हाला जागा मिळाली ती तिसऱ्या राज्यात.

एकटेपणाचे विचारले आहे. काम भरपूर असते, वेळ जातो.

तुम्हाला परतायचे असेल तर एकट्याने या, वर्ष पूर्ण करा, मुलाला त्याच्या शाळेत राहू द्या. राहायचे असेल तर ज्या विभागात रेसिडेन्सी आणि हिमॅटोपॅथॉलॉजीची फेलोशिप दोन्ही आहेत असाच निवडा, मग तो कमी नावाजलेला असला तरी चालेल, आणि मी केली तशी वाटेत दुसरी फेलोशिप जोडू नका. मुलाला आणलेच, तर त्या कागदावर मराठीच लिहा, चाचणी होऊ द्या, निकालाची प्रत मागून घ्या, आणि त्याला कोणत्या तासाला वर्गाबाहेर नेणार आहेत हे शिक्षिकेला स्वतः भेटून विचारा.