इंजिन हाताळून, डबे घरबसल्या

प्रश्न : ब्रिटनमधल्या एका लिलावाच्या संकेतस्थळावर हॉर्नबी डब्लो या खेळण्यातल्या आगगाड्यांचं, तीन रुळांवर (मधला विजेचा) चालणारं जुनं इंजिन दिसतंय. वर्णनात ‘युद्धापूर्वीचं, तपासलेलं नाही’ एवढंच आहे, फोटो तीन. घ्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एवढ्यावर नको. ‘तपासलेलं नाही’ म्हणजे बहुतेक वेळा ‘लावून पाहिलं, चाललं नाही’. बोली लावायचीच तर सुट्या भागांच्या भावाने लावा.

खरा धोका ‘युद्धापूर्वीचं’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीचं, यात आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने डब्लो १९३८ मध्ये आणली. तेव्हाच्या ओतकामात मॅझॅक हा जस्ताचा मिश्रधातू वापरत. त्यात शिशाचा थोडा जरी अंश राहिला तरी धातू आतल्या आत गंजतो, फुगतो आणि तडकतो. दमट हवेत हे आणखी वेगाने होतं, त्यामुळे मुंबई-कोकणात जास्तच जपावं लागतं. यावर इलाज नाही. वरून रंग मारला किंवा गोंदाने सांधलं, तरी आतलं काम चालूच राहतं.

म्हणून विक्रेत्याकडे आणखी चार फोटो मागा. इंजिन पोलादी पट्टीला टेकवून वरून घेतलेला (मधे फट दिसली तर सांगाडा वाकलाय), पोटाकडून जवळून घेतलेला, चाकांचा आणि मागच्या कपलिंगचा (डबा जोडायच्या भागाचा). केसासारख्या भेगा, करडी-पांढरी भुकटी किंवा फुगलेल्या कडा दिसल्या की विषय संपला. कपलिंग वयही सांगतं. युद्धापूर्वी चपट्या स्प्रिंग-पट्टीचं कपलिंग असे, युद्धानंतर पेको पद्धतीचा हूक आला. हूक असेल तर ‘युद्धापूर्वीचं’ म्हणून जादा पैसे का द्यायचे, हे विक्रेत्यालाच विचारा.

व्हिडिओ मागाल तर चार डबे जोडून धावतानाचा मागा. जुन्या मोटरचं लोहचुंबक कमजोर झालं असलं तरी रिकामं इंजिन झकास पळतं, उलट जरा जोरातच. डबे लावले की ढेपाळतं, भरपूर करंट ओढतं आणि पाचेक मिनिटांत तापतं. या मापाच्या इंजिनाने एक अँपिअरच्या वर करंट घेतला तर दुखणं आहे असं समजा. उलटा धावतानाचा भागही बघा.

युद्धानंतरची इंजिनं इतकी दगा देत नाहीत. परत घेण्याची अट लेखी असेल तर ती ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. डबे, वाघिणी आणि स्टेशनं खुशाल मागवा, त्यांचे दोष फोटोत दिसतात. फक्त तीन रुळी डब्यांची धातूची चाकं दोन रुळी मार्गावर शॉर्ट सर्किट करतात. प्लॅस्टिकची चाकं असलेले नंतरचे डबे दोन्हीकडे चालतात. भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका, विकल्या गेलेल्या मालाची यादी उघडा.

प्रश्न : मुंबईच्या चोरबाजारात जुन्या गाड्या मिळतात म्हणे. तिथे वीज कुठून आणायची? काय काय बघायचं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : वीज खिशात न्यायची. आठ पेन्सिल सेलचा होल्डर, म्हणजे बारा व्होल्ट, आणि चिमटे लावलेल्या दोन वायरी. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जुन्या मोटरला पुरा करंट देत नाही, मग चांगलं इंजिनही मेलेलं वाटतं. दोन रुळी इंजिनाला एक टोक डाव्या चाकाला आणि दुसरं उजव्या चाकाला लावा. तीन रुळी डब्लोला एक टोक पोटाखालच्या मधल्या पट्टीला, दुसरं चाकाला. दोन-तीन सेकंदच द्या. वर्षानुवर्षांचं तेल आत घट्ट झालेलं असतं, जास्त चालवलं तर मोटर जळते.

सोबत व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी) ठेवा. रुळांमधलं आतलं अंतर ३२ मिलिमीटर असेल तर ओ गेज, १६.५ असेल तर ओओ किंवा एचओ, ९ असेल तर एन. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर कुणी काहीही नाव सांगो, माप खोटं बोलत नाही.

चावीच्या गाडीत चावी अडल्याशिवाय गरगर फिरली तर स्प्रिंग तुटलीय किंवा सुटलीय. चावी दिली आणि गाडी हलत नसेल तर बहुधा वंगण वाळलंय. ते दुरुस्त होतं, म्हणून तिथे घासाघीस करा. पत्र्याचा गंज सगळीकडे सारखा, अगदी पत्रे जोडणाऱ्या दुमडलेल्या कानांखालीही असेल, तर माल मुद्दाम जुना केलेला असण्याची शक्यता मोठी. खरी झीज चाकांच्या कडांना, चावीच्या भोकाशी आणि कोपऱ्यांवर असते. आणखी एक : जुन्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिशपेपर लावू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

प्रश्न : न्यू जर्सीहून मामेभाऊ १९५० च्या दशकातला, लायनेल या अमेरिकन कंपनीचा खेळण्यातल्या आगगाडीचा संच ट्रान्सफॉर्मरसकट आणतोय. इथे चालेल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : गाडी चालेल. ट्रान्सफॉर्मर मात्र आपल्या प्लगमध्ये घालू नका. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आहे. २३० व्होल्टवर लगेच जळेल. स्टेप-डाउन (व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावलं तरी हर्ट्झ ५०च राहतात आणि गाभा जास्त तापतो. त्यापेक्षा इथेच २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या : ९, १२, १५ आणि १८ व्होल्टचे टॅप (वायर जोडायची वेगवेगळी टोकं), ५ अँपिअर, गाडीकडे जाणाऱ्या बाजूला फ्यूज, धातूच्या पेटीला अर्थिंग. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी कामं होतात.

लायनेलची जुनी मोटर एसीची असली तरी डीसीवरही फिरते, म्हणून काही जण डीसी पुरवठा सुचवतात. पण टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात) शिट्टी असेल तर तिचा रिले, म्हणजे ती चालू करणारा स्विच, डीसीवरच चालतो. गाडी धावेल तोवर शिट्टी वाजत राहील. शेजारी किती सोसतील ते बघा.

प्रश्न : परदेशातून मागवताना पॅकिंगबद्दल काय सांगावं? – एक वाचक, मडगाव

उत्तर : इंजिन आणि टेंडर वेगवेगळे बांधायचे. आधी पातळ टिश्यू कागद, मग बबल रॅप. बबल थेट रंगावर बसला तर उन्हाळ्यात गोल डाग उठतात. खोक्यात खोका, मधे सगळीकडून पाच सेंटिमीटर भरण. चावीच्या गाडीची चावी उतरवूनच पाठवायला सांगा. कस्टम ड्यूटी वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा मिळून लागते, त्यामुळे स्वस्त वाघीण एकटी मागवण्यापेक्षा चार-पाच एकत्र मागवा. लिलावगृहाकडून घेत असाल तर बोलीवर त्यांचं कमिशनही चढतं. ते किती टक्के, हे बोली लावण्याआधी वाचा.