वीज कंपनीची कमाई कामगिरीशी जोडली तर ग्राहकाचं बिल कमी होतं का?

तुम्ही विचारलंय की वीज कंपनीचा नफा खर्चाऐवजी कामगिरीवर ठरवला तर बिल खरंच उतरतं का. उतरू शकतं. पण कामगिरी मोजणार कोण, यावर बरंच काही अवलंबून आहे.

जुन्या पद्धतीतली खोट आधी सांगतो. खर्चावर आधारित दरात देखभालीचा मंजूर खर्च तेवढाच भरून मिळतो. उपकेंद्रं आणि वाहिन्यांत घातलेल्या भांडवलावर मात्र वर परतावाही मिळतो. त्यामुळे जुना ट्रान्सफॉर्मर सांभाळून वापरण्यापेक्षा नवा बसवणं कंपनीच्या सोयीचं ठरतं. भांडवलाकडचा हा कल एव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी 1962 मध्येच मांडला होता.

ब्रिटनमध्ये स्टीफन लिटलचाइल्ड यांनी 1983 मध्ये टेलिफोनसाठी दुसरी वाट सुचवली. दर महागाईपेक्षा ‘एक्स’ टक्क्यांनी कमीच वाढू द्यायचे आणि ही मर्यादा काही वर्षं हलवायची नाही. त्या काळात कंपनीने वाचवलेला पैसा तिचा. मुदत संपली की नवे दर त्या कमी झालेल्या खर्चावरून ठरतात आणि बचत ग्राहकाकडे येते. पुढे हीच पद्धत विजेला लागू झाली.

अडचण अशी की कंपनी किती बचत करू शकते हे दर ठरवणाऱ्या नियामक आयोगापेक्षा तिलाच जास्त ठाऊक असतं. 1994 मध्ये वीज नियामक या नात्याने लिटलचाइल्ड यांनीच वितरण कंपन्यांना पाच वर्षांची मर्यादा आखून दिली. काही महिन्यांतच नॉर्दर्न इलेक्ट्रिक विकत घ्यायला एक कंपनी पुढे आली. तिला रोखायला नॉर्दर्नने भागधारकांना इतका पैसा देऊ केला की मर्यादा किती सैल होती ते उघड झालं. मार्च 1995 मध्ये फेरविचार जाहीर करावा लागला. मला तो योग्य वाटतो, पण त्याची किंमतही होती: मर्यादा मध्येच बदलते म्हटल्यावर काटकसरीची ओढ कमी होते.

आता मोजमापाकडे येतो. वाहिनीवरची माणसं कमी करूनही खर्च वाचतो आणि त्याचा त्रास अंधारात बसलेल्यांना होतो. म्हणून दरासोबत पुरवठ्याचं लक्ष्य लावतात: वर्षभरात सरासरी ग्राहकाची वीज किती मिनिटं गेली, त्यावर बक्षीस किंवा दंड. केवळ या सरासरीवर मी कधीच विसंबणार नाही. 10,000 ग्राहकांपैकी 100 जण 100 तास विजेविना राहिले आणि बाकीच्यांची वीज एकदाही गेली नाही, तरी सरासरी येते 60 मिनिटं! शिवाय मोठ्या वादळाचे दिवस बहुधा हिशेबातून वगळतात. वगळणं रास्त आहे, पण ‘मोठं वादळ’ कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवलेलं हवं.

आणि आकडे कंपनीच्याच हातचे असले तर काय होतं, ते कॅलिफोर्नियात दिसलं. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीच्या ग्राहक-समाधानाच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं. कामगारांच्या दुखापतींच्या नोंदीही विश्वासार्ह नव्हत्या. या दोन्हींवर बक्षीस मिळत होतं. 2008 मध्ये तिथल्या नियामक आयोगाने ती बक्षिसं परत करायला लावली आणि वर 3 कोटी डॉलर दंड केला.

तेव्हा कामगिरीवर आधारित दराचा आदेश तुमच्या वाचनात आला तर ‘एक्स’ किती आहे ते नंतर बघा. आधी शोधा: खंडित पुरवठ्याची नोंद कोण ठेवतं, ती बाहेरचं कुणी तपासतं का, आणि सर्वांत वाईट पुरवठा असलेल्या भागासाठी वेगळं लक्ष्य आहे का.