आधी वही मिट

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दुसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र घेऊन पुण्याला आलीस, रोज चार तास वाचतेस, झेरॉक्स नोट्सवर तीन रंगांचे हायलायटर फिरवतेस, आणि तरी पेपरात दोन पानांपुढे पेन सरकत नाही. शिवाय वर्गात ‘या लेखावर तुमचं मत मांडा’ म्हटलं की काय लिहायचं ते सुचत नाही. या दोन तक्रारी तू वेगवेगळ्या लिहिल्यास. मला मात्र दुखणं एकच दिसतं: तू स्वतः काही लिहिण्याआधी दुसऱ्याचं लिहिलेलं तुझ्यासमोर असतं.

आधी आठवणीचं बोलू. वाचताना ‘हे येतंय मला’ असं वाटतं ती नुसती ओळख असते. रस्त्यात भेटलेला चेहरा ओळखणं वेगळं आणि डोळे मिटून तो कागदावर काढणं वेगळं. परीक्षेत दुसरं काम करावं लागतं, आणि तू सराव पहिल्याचा करतेस. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हे तपासलं. एका गटाने एकच उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पहिल्या बैठकीत वाचला आणि पुढच्या तिन्ही बैठकांत न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढे होते, ८३ टक्के, आणि लिहिणारे ७१. आठवड्याने पाहिलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं, लिहिणाऱ्यांकडे ६१. त्यातही आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. तुझे चार तास कुठे जातात ते या आकड्यांत आहे. तू आळस करत नाहीस. तुझी पद्धत त्याच दिवशी बरं वाटायला लावते आणि आठवड्याने हात रिकामे ठेवते.

म्हणून आजपासून असं कर. तास संपला की त्याच संध्याकाळी, जेवणाआधी, एक कोरा कागद घे. वर तारीख आणि विषय लिही. वही मिट आणि पिशवीत ठेव, कारण टेबलावर असली की हात जातो. दहा मिनिटं घड्याळ लाव आणि तासाला काय झालं ते पूर्ण वाक्यांत लिही. नुसते मथळे चालणार नाहीत. ‘मागणीची लवचिकता – प्रकार पाच’ असं लिहिणं म्हणजे आठवणीला पळवाट देणं. ‘मीठ महाग झालं तरी खरेदी फारशी घटत नाही, कारण…’ असं लिही. चौथ्या मिनिटाला डोकं कोरं होईल. तिथेच बहुतेक जण वही उघडतात, आणि नेमकं तिथेच थांबायचं असतं. आठवण्याची ती धडपड चालू असतानाच गोष्ट पक्की बसते. दहा मिनिटं संपली की वही उघड आणि लाल पेनने चुका दुरुस्त कर, राहिलेलं भर. लाल शाई जिथे जास्त, तिथेच पुढचा अभ्यास. बाकीचं पुन्हा वाचू नकोस.

तोच विषय तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्याभराने पुन्हा कोऱ्या कागदावर घे. दर वेळी पाच-सात मिनिटं पुरतात. मधली थोडी विस्मृती हवीच, म्हणून एकाच दिवशी चार वेळा करून फायदा नाही. दिवस एखाद-दुसऱ्याने इकडेतिकडे झाले तर जीव टांगणीला लावू नकोस. गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचाही असाच उपयोग कर. गाइडमधली उत्तरं वाचण्याऐवजी प्रश्न घे आणि आधी स्वतः लिही. गाइडला मी नावं ठेवत नाही. ते लाल पेनच्या वेळी उघडायचं, एवढंच.

हायलायटरबद्दल तू विचारलंस. २०१३ मध्ये डनलॉस्की हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यात खुणा करणं आणि पुन्हा वाचणं कमी उपयोगाच्या रांगेत बसलं, आणि स्वतःची चाचणी घेणं व अंतरा-अंतराने अभ्यास करणं वरच्या रांगेत. हायलायटर घरी पाठवून दे.

आणखी एक अडचण मराठीतून शिकणाऱ्यांची खास आहे. आपले पारिभाषिक शब्द वजनदार आहेत. ‘घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत’ हे शब्द तोंडपाठ होतात आणि आत काही नसलं तरी भरल्यासारखं वाटतं. अशा प्रत्येक शब्दासाठी कागदावर एक ओळ घरच्या भाषेत लिही: सीमांत म्हणजे ‘आणखी एक’. भूक लागलेली असताना पहिला वडापाव, मग दुसरा, मग आणखी एक; त्या ‘आणखी एका’तून मिळणारं समाधान कमी होत जातं. घरच्या भाषेत लिहिता आलं नाही तर ती संकल्पना अजून तुझी झालेली नाही, आणि हे परीक्षेच्या महिनाभर आधी कळणं फार मोलाचं आहे.

आता मताचं. ‘चिकित्सक विचार’ म्हणजे खोड काढणं असं पुष्कळांना वाटतं. ‘सरकारी आकडे काय, सगळे खोटेच’ असं म्हणणारा माणूस विचार करत नसतो. सगळं खरं मानणारा आणि सगळं खोटं मानणारा, दोघांनीही तपासणीचे कष्ट वाचवलेले असतात. एखादं विधान समोर आलं की कागदावर तीन रकाने पाड: दावा काय, पुरावा काय, आणि पुराव्यापासून दाव्यापर्यंत नेणारं गृहीत काय. तिसरा रकाना लेखात बहुधा लिहिलेला नसतो. तो तुला शोधायचा असतो, आणि तुझं मत तिथेच जन्माला येतं.

तुझ्याच विषयातलं एक उदाहरण घे. नमुना नोंदणी पद्धतीच्या (निवडक गावं-वस्त्यांतले जन्म-मृत्यू नोंदवून काढलेल्या सरकारी अंदाजांच्या) २०२० च्या आकड्यांत केरळचा मृत्युदर हजारी ७.० आहे आणि बिहारचा ५.४. यावरून कुणी लिहिलं की ‘केरळच्या आरोग्यव्यवस्थेचं कौतुक फुकाचं आहे’, तर तू काय म्हणशील? पुढे वाचू नकोस. पाच मिनिटं कागदावर लिही, मग पुढे ये.

दावा: केरळात आरोग्य वाईट. पुरावा: मृत्युदर जास्त. गृहीत: दोन्हीकडची माणसं वयाने सारखी आहेत. हे गृहीत बाहेर काढलं की प्रश्न आपोआप उभा राहतो. २०२१ च्या लोकसंख्या अंदाजांनुसार केरळात साठी ओलांडलेली माणसं सुमारे साडेसोळा टक्के, बिहारमध्ये पावणेआठच्या आसपास. म्हातारी माणसं जास्त असतील तिथे मृत्यू जास्त होणारच. हे खरंच होऊ शकतं का, ते काल्पनिक गावांवर करून पाहा. पहिल्या गावात हजार माणसं, त्यातली ९०० साठीच्या आतली आणि १०० पुढची. तरुणांत मृत्युदर हजारी ३, वृद्धांत हजारी ४०. एकूण मृत्यू २.७ अधिक ४, म्हणजे ६.७. दुसऱ्या गावात ८०० आणि २००; तरुणांत हजारी २, वृद्धांत ३५. मृत्यू १.६ अधिक ७, म्हणजे ८.६. दुसरं गाव दोन्ही वयांत निरोगी, आणि तरी एकूण आकडा तिथला मोठा! हे गणित हाताने कर. नुसतं वाचून पटतं, करून कळतं.

एवढ्यावर थांबू नकोस, कारण वयाची गोष्ट हे आत्तापर्यंत तुझं स्पष्टीकरण आहे, तेही तपासायला हवं. त्यासाठी विचार: आरोग्य खरंच वाईट असतं, तर आणखी कुठे काय दिसलं असतं? वयाचा ज्यावर परिणाम होत नाही असा आकडा शोध. अर्भक मृत्युदर घे, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळं. त्याच वर्षी तो केरळात ६ आणि बिहारमध्ये २७ होता. आता तुझ्या मताला पाय आले.

‘माझं चुकत असेल तर काय दिसेल’ हा प्रश्न आपल्याला आपणहून सुचत नाही. १९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितलं. ते स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे आणि ते नियमात बसतात की नाही एवढं त्यांना कळायचं. ‘दोनाने वाढणारे आकडे’ असं मनात धरून बहुतेकांनी ८, १०, १२ सारखेच आकडे सुचवले, दर वेळी होकार मिळाला आणि पहिलं उत्तर चुकलं. नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. १, २, ३ किंवा १, ७, ५० विचारून पाहिलं असतं तर लगेच उमगलं असतं. म्हणून तुझ्या मताखाली नेहमी एक ओळ लिही: ‘अमुक दिसलं तर मी हे मत सोडेन.’ ती ओळ लिहिता येत नसेल, तर ते मत नसून पक्ष आहे.

स्रोतांचंही असंच. शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष पूर्वी बखरींच्या आधाराने १६२७ धरलं जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची यादी, प्रसिद्ध केली, तिच्यात जन्माची नोंद शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मग महाराजांच्याच काळातलं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य मिळालं, जोधपूरला जन्मकुंडली मिळाली. त्यांतूनही तीच तिथी निघाली. शासनाने ती तारीख २००१ मध्ये स्वीकारली. किती जण सांगतात ते इथे मोजायचं नव्हतं. कोण त्या काळाच्या जवळचं आहे, आणि कोण एकमेकांचं न पाहता सांगतंय, हे पाहायचं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा गटांतून आलेला मजकूर बहुधा एकच साक्षीदार असतो. तुला जनगणनेचे मूळ खंड पाहायचे असतील तर गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात चौकशी कर. लेखातला आकडा मूळ तक्त्यात स्वतः शोधण्याची सवय एकदा तरी लावून घे; तक्त्याखालच्या टिपा वाचल्याशिवाय उठू नकोस.

चॅटजीपीटी वापरू का, असं विचारलंयस. वापर, पण क्रम सांभाळ. आधी तुझं उत्तर कागदावर, मग त्याला ते देऊन ‘यातली कमजोर जागा दाखव’ म्हण. उलट क्रमाने गेलीस तर त्याचं सफाईदार उत्तर वाचून ‘मला हेच म्हणायचं होतं’ असं वाटेल, आणि पुन्हा त्या ओळखीच्या चेहऱ्यापाशी येशील. ते अस्तित्वात नसलेली पुस्तकंही ठामपणे सांगतं, तेव्हा ग्रंथालयात सापडल्याशिवाय एकही संदर्भ लिहू नकोस.

मैत्रिणींचा गट करणार असशील तर तिघीच, आठवड्यातून एकदा, चाळीस मिनिटं. एकीने दावा मांडायचा, दुसरीने तो पाडायचा, तिसरीने गृहीतं टिपायची. पुढच्या वेळी भूमिका बदलायच्या. कोरा कागद भरल्याशिवाय कुणी यायचं नाही, नाहीतर दोन आठवड्यांत तो नोट्स वाटायचा गट होतो. आणि सरांना शंका विचारताना ‘काहीच कळलं नाही’ म्हणू नकोस. ‘इथपर्यंत आले, या पायरीला अडले’ असं कागद दाखवून विचार. त्या प्रश्नाला उत्तर देणं त्यांनाही सोपं जातं.

पहिले दोन आठवडे वाईट जातील. कागद अर्धा रिकामा राहील, तोवर शेजारची मैत्रीण तीन धडे वाचून मोकळी झालेली असेल. तेव्हा तिच्या पानांशी तुझी पानं मोजू नकोस. तुझा तिसऱ्या दिवसाचा कागद दहाव्या दिवसाच्या कागदाशेजारी ठेव आणि लाल शाई मोज.

दिवाळीच्या सुट्टीत गावी येशील तेव्हा सगळे कागद घेऊन ये. स्वच्छ करून उतरवू नकोस, आहेत तसेच आण. सगळ्यात लाल झालेला वर ठेव, तिथून सुरुवात करू.

तुझा,
सर