शोकाच्या काळात निसर्ग सुंदर वाटला तर

प्रश्न : गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ कर्करोगाने गेला. त्यानंतर कित्येक महिने मला कशातच रस वाटत नव्हता. अलीकडे मात्र पहाटेचे आकाश किंवा एखादे बहरलेले झाड दिसले की मन क्षणभर हरखून जाते आणि लगेच अपराधी वाटू लागते. जवळची माणसे म्हणतात, निसर्गात रमा म्हणजे दुःख विसराल. मला ते विसरायचे नाही. शिवाय ज्या निसर्गाने फूल घडवले, त्यानेच तो रोगही घडवला. मग त्याच्या सौंदर्याने भारावून जाणे ही स्वतःची फसवणूक नव्हे का?
— एक वाचक

उत्तर : आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग सर्वांत कठीण आहे आणि सांत्वन करणारे बहुधा तोच टाळतात, म्हणून आरंभ तिथूनच करतो. आपले म्हणणे खरे आहे. पेशींचे विभाजन होताना जनुकांची नक्कल होते आणि त्या नकलेत अधूनमधून बदल होतात. पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाणाऱ्या अशा बदलांमधूनच फुलांचे रंग आणि पक्ष्यांचे पंख आकाराला आले, आणि शरीरातील एखाद्या पेशीत असेच काही बदल साचत गेले की कर्करोगही उद्भवतो. निसर्गाचा सुंदर भाग तेवढा वेगळा काढून त्यावर प्रेम करता येत नाही.

चार्ल्स डार्विन यांना हे फार जवळून ठाऊक होते. त्यांची दहा वर्षांची मुलगी ॲनी 1851 मध्ये वारली. पुढे 1860 मध्ये आसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी, जिवंत अळीच्या शरीरात आपली पिल्ले पोसणारी गांधीलमाशी एखाद्या दयाळू ईश्वराने हेतुपूर्वक निर्माण केली असेल, हे आपल्याला पटत नाही असे म्हटले, आणि हा सारा विषय मानवी बुद्धीच्या आवाक्यापलीकडचा आहे, अशी भावनाही त्याच पत्रात व्यक्त केली. कोडे सुटले नाही, तरी त्यांचे पाहणे थांबले नाही. 1881 मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांनी प्रसिद्ध केलेला ग्रंथ गांडुळांच्या कामाविषयी होता. क्रौर्य दिसत असूनही ज्याचे कुतूहल टिकते, त्याच्या विस्मयाला फसवणूक म्हणणे मला योग्य वाटत नाही. जो फक्त फुले पाहतो आणि अळीकडे पाठ फिरवतो, त्याच्याविषयी कदाचित तसे म्हणता येईल.

आता ‘दुःख विसराल’ या सल्ल्याविषयी. रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. झाडांमुळे वेदना नाहीशी झाली नव्हती. ती सोसणे काहीसे सुकर झाले होते. निसर्गाकडून मी एवढीच अपेक्षा धरीन. त्याहून मोठे आश्वासन शोकात असलेल्या माणसाला देऊ नये, कारण ते पुरे झाले नाही की आपल्यातच काही उणे आहे असे त्याला वाटू लागते.

जीवशास्त्रज्ञ रेचल कार्सन स्वतः कर्करोगाने गंभीर आजारी होत्या. 1963 च्या सप्टेंबरमध्ये समुद्रकिनारी त्यांनी मैत्रिणीसह मोनार्क फुलपाखरांचे स्थलांतर पाहिले. ती फुलपाखरे परतणार नाहीत हे दोघींना माहीत होते, तरी त्याविषयी बोलताना आपल्याला दुःख झाले नाही, असे त्यांनी त्या मैत्रिणीला पत्रात लिहिले. पुढच्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. हा दाखला मी जपूनच देतो. आयुष्याचा क्रम पूर्ण होतो ही समजूत त्यांनी स्वतःच्या मृत्यूविषयी मिळवली होती. दुसऱ्याने ती आपल्या भावाच्या बाबतीत आपल्याला ऐकवणे मला निष्ठुर वाटते. मात्र मृत्यू समोर असतानाही डोळे पाहू शकतात, एवढे त्यातून नक्कीच दिसते.

राहिला अपराधीपणा. माझ्या मते तो आनंदातून येत नाही, तर हे पाहायला भाऊ नाही या जाणिवेतून येतो. आकाशाने मन हरखते त्याच क्षणी भावाची आठवण येते, म्हणजे ज्या ठिकाणी प्रेम आहे तिथेच विस्मयही उमटतो आहे. त्या दोहोंना एकमेकांपासून दूर ठेवण्याची गरज नाही. मनात त्याला ते खुशाल दाखवा. एखाद्या दिवशी आकाश पाहून काहीच वाटले नाही, तरी स्वतःवर सक्ती करू नका. आणि अपराधीपणामुळे झोप किंवा जेवण तुटू लागले, किंवा जगणेच नको वाटू लागले, तर विलंब न लावता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. ते काम झाडांवर सोपवू नका.